घर्षणाचं गणित पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी लक्षणं बघा, मग तपासणी

बडोद्यात, दांडिया बाजारात, मी डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंग पहिल्या वर्षाच्या मुलांना अप्लाइड मेकॅनिक्स शिकवतो. दर वर्षी मुलं नवी येतात, पण घर्षणाच्या धड्यातली चूक जुनीच असते. बलांचं संयोजन नीट येतं, ट्रसही (सळ्या जोडून केलेला सांगाडा) सुटतो, आणि घर्षणापाशी आलं की वहीत खाडाखोड सुरू होते. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सर, थिअरी येते, गणित सुटत नाही." मला हे पटत नाही. गणित सुटत नसेल तर थिअरीतच एखादी जागा सैल असते, आणि वही उघडून बसलं की ती सापडते. ती शोधायची कशी, तेवढंच इथे लिहितो.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा.

- ठोकळा ४० न्यूटननं ओढलाय आणि तुमच्या उत्तरात घर्षण ६० न्यूटन आलंय. म्हणजे ओढल्यावर ठोकळा उलट दिशेला निघाला.
- सपाट जमिनीवरची गणितं बरोबर येतात, उतारावरची सगळी चुकतात.
- आकडा पुस्तकाशी जुळत नाही, पण घर्षणाचं चिन्ह उलटं केलं की जुळतो.
- एकावर एक ठेवलेल्या दोन ठोकळ्यांच्या गणितात तुमचं उत्तर कायम पुस्तकापेक्षा कमी येतं.
- शिडीच्या गणितात दोन समीकरणं जमतात, तिसरं काही केल्या बसत नाही.
- पट्ट्याच्या किंवा दोराच्या गणितात उत्तरात वीस-पंचवीस आकडी संख्या येते.
- वर्गात सोडवलेलं गणित घरी येतं, पण त्यातला कोन किंवा जोराची दिशा बदलली की हात थांबतो.

शेवटचं लक्षण सगळ्यांत गंभीर आहे, कारण ते असलं की बाकीची झाकली जातात. मार्कही मिळत राहतात आणि चूक परीक्षेच्या हॉलमध्येच उघडी पडते.

फुकटातल्या दोन तपासण्या

कॅल्क्युलेटर हातात घ्या आणि साइन ३० काढा. ०.५ आलं तर पुढे चला. उणे ०.९८८ आलं तर तो अंशांऐवजी रेडियनवर आहे, ०.४५४ आलं तर ग्रेडवर (दोन्ही कोन मोजायची वेगळी एककं). वर्गात कॅल्क्युलेटर हातोहात फिरतो, कोणीतरी मोड बदलतो आणि तसाच परत देतो. ही तपासणी पाच सेकंदांची आहे. ती न करता पूर्ण धडा पुन्हा वाचत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी तपासणी किलो आणि न्यूटनची. प्रश्नात '२० किलोचा ठोकळा' असेल तर वजन १९६.२ न्यूटन. 'वजन २०० न्यूटन' असेल तर पुन्हा ९.८१ ने गुणायचं नाही. उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या साधारण दहापट किंवा दहाव्या हिश्शाएवढं येत असेल तर आजार हाच समजा, पुढे शोधू नका.

प्रश्न कुठल्या अवस्थेबद्दल बोलतोय?

वस्तू तीनपैकी एका अवस्थेत असते: शांत उभी, सरकण्याच्या बेतात, किंवा प्रत्यक्ष सरकत असलेली. प्रश्नपत्रिकेत 'इम्पेंडिंग मोशन', 'जस्ट', 'ऑन द पॉइंट ऑफ', 'कमीत कमी जोर' असं काही आलं की वस्तू सरकण्याच्या बेतात आहे. 'घर्षण काढा' किंवा 'ठोकळा स्थिर राहील का' एवढंच असेल तर अवस्था दिलेली नाही, ती तुम्हालाच ठरवायची आहे. आपली बरीच मुलं बारावीपर्यंत गुजराती माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात आणि पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी प्रश्न समोर येतो. अशा वेळी नजर आकड्यांवर जाते आणि हे छोटे शब्द वाचायचेच राहतात. पेन्सिलीनं त्यांच्याखाली रेघ मारा, समासात 'शांत', 'बेतात' किंवा 'सरकतंय' लिहा, आणि मगच आकृतीला हात घाला.

म्यू गुणिले नॉर्मल तुम्ही कुठे लिहिलंय?

आता खऱ्या दुखण्यापाशी आलो. म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, आणि नॉर्मल म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेत जेवढं रेटतो ते बल. मी तपासलेल्या वह्यांपैकी बहुतेकींत चूक इथेच होती, म्हणून जरा सावकाश जाऊ.

२०० न्यूटनचा ठोकळा सपाट जमिनीवर आहे, म्यू ०.३. त्याला आडव्या ४० न्यूटननं ओढलं. घर्षण किती? निम्मा वर्ग ६० म्हणतो. पण ठोकळा हललेला नाही. आडव्या दिशेत दोनच बलं आहेत, ओढ आणि घर्षण. तोल राहायचा तर दोन्ही सारखी हवीत, म्हणून घर्षण ४०. ओढ १० केली तर घर्षण १०. ओढलंच नाही तर शून्य. ६० ही घर्षणाची जास्तीत जास्त ताकद आहे. तेवढी लागेपर्यंत ते लागेल तितकंच काम करतं.

घर्षणाचे हे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडले आणि कुलाँ यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोग करून पक्के केले. त्यांतलं म्यू आणि नॉर्मलचं नातं सरकण्याच्या बेतात असलेल्या किंवा सरकणाऱ्या वस्तूसाठी आहे. मुलं ते शांत वस्तूलाही लावतात, कारण सूत्र एवढं छोटं आणि सोयीचं आहे की हात आपोआप तिकडे जातो.

म्हणून वहीत एक शिस्त लावून घ्या. घर्षणाच्या बाणाजवळ सुरुवातीला फक्त 'एफ' लिहायचं. तो अज्ञात आहे, टेन्शन (दोरीतला ताण) किंवा रिअ‍ॅक्शन (आधाराचं उलट बल) अज्ञात असते तसाच. आधी तोलाच्या समीकरणातून एफ काढायचा, मग शेजारी म्यू गुणिले नॉर्मल काढून दोन्हींची तुलना करायची. एफ कमी निघाला तर वस्तू शांत आहे आणि एफ हेच उत्तर. जास्त निघाला तर जमीन तेवढं घर्षण देऊच शकत नाही, वस्तू सरकणार. मग तोलाचं समीकरण सोडायचं आणि गतीचा म्यू वापरायचा, जो सहसा स्थिर म्यूपेक्षा कमी असतो. प्रश्नानं 'बेतात' म्हटलं असेल तरच पहिल्या ओळीपासून म्यू गुणिले नॉर्मल लिहायची मुभा आहे.

एवढी एक शिस्त लागली की यादीतलं पहिलं लक्षण जातं, आणि शेवटचंही बरंचसं जातं.

नॉर्मल म्हणजे वजन नव्हे

सपाट जमिनीवर आडवी ओढ असेल तेव्हाच नॉर्मल वजनाइतकी असते. पहिली दहा गणितं तशीच असल्यानं ते डोक्यात पक्कं बसतं. तोच २०० न्यूटनचा ठोकळा ५० न्यूटननं, पण आडव्याशी ३० अंश वर ओढा. ओढीचा २५ न्यूटनचा उभा भाग ठोकळा उचलतो, नॉर्मल १७५ होते, आणि घर्षणाची कमाल ६० वरून ५२.५ वर उतरते. त्याच कोनात खाली ढकललं तर नॉर्मल २२५ आणि कमाल ६७.५. आडवा भाग दोन्ही वेळा ४३.३ च असतो. माळ्यावरून उतरवलेली जड ट्रंक ढकलण्यापेक्षा कडी धरून तिरकी ओढली की हलकी जाते ती यामुळे.

तपासणी सोपी आहे. पृष्ठभागाला लंब दिशेतलं समीकरण वहीत लिहिलेलं आहे का? नॉर्मलचा आकडा समीकरणाशिवाय अवतरला असेल तर तो खोडा आणि समीकरण लिहा.

दोन ठोकळ्यांच्या गणितातही हीच गफलत असते, फक्त तिथे ती लपलेली असते. वर १०० न्यूटनचा ठोकळा, भिंतीला आडव्या दोरीनं बांधलेला. खाली २०० चा, तो ओढून काढायचा आहे. म्यू दोन्हीकडे ०.३. वरच्या सांध्यावर घर्षण ३०. जमिनीवरची नॉर्मल ३००, कारण वरच्याचं वजनही तिथूनच जमिनीत उतरतं, म्हणून तिथे घर्षण ९०. खालच्या ठोकळ्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून घर्षण अडवतं, म्हणून ओढ १२० न्यूटन. मुलं जमिनीवर २०० च धरतात किंवा वरचं घर्षण फक्त वरच्या ठोकळ्यावर दाखवतात, आणि उत्तर ९० च्या आसपास येऊन थांबतं. प्रत्येक ठोकळ्याची फ्री बॉडी डायग्राम (एकटी वस्तू आणि तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) वेगळी काढा आणि स्पर्श मोजा. जिथे स्पर्श तिथे एक नॉर्मल आणि एक घर्षण, आणि समोरच्या वस्तूवर त्यांची उलटी जोडी. बाणांची संख्या जुळेपर्यंत समीकरणं लिहू नका.

घर्षणाचा बाण कुठल्या बाजूला?

'घर्षण गतीच्या विरुद्ध असतं' हे पाठ असतं. वस्तू हलतच नसेल तर विरुद्ध कशाच्या? मुलगा ढोबळ मानानं जोराच्या विरुद्ध दिशा धरतो आणि उतारावर फसतो.

हे एक गणित मी प्रत्येक बॅचकडून करून घेतो. ३० अंशाच्या उतारावर १०० न्यूटनचा ठोकळा, म्यू ०.४. उताराला समांतर वजनाचा भाग ५०, नॉर्मल ८६.६, घर्षणाची कमाल ३४.६. जोर लावला नाही तर ५० ला ३४.६ अडवू शकत नाही, ठोकळा घसरतो. आता उताराला समांतर, वरच्या बाजूला जोर लावायचा आणि तो हळूहळू वाढवत न्यायचा.

जोर १५.४ झाला की ठोकळा जेमतेम टिकतो, घर्षण ३४.६, उताराच्या वर. जोर ३० असताना घर्षण २०, अजून वरच. जोर ५० झाला की घर्षण शून्य. जोर ७० केला की घर्षण पुन्हा २०, पण आता खाली. ८४.६ ला ठोकळा वर सरकण्याच्या बेतात येतो, घर्षण ३४.६, खाली. या सगळ्या वेळात ठोकळा जागचा हललेला नाही, तरी घर्षणानं आकडा आणि दिशा दोन्ही बदलली. गणपतीत मूर्तीचा जड पाट फळीवरून मांडवात चढवताना ज्यांनी हात लावला असेल त्यांना हे ठाऊक आहे: दम खायला थांबल्यावर पाट धरून ठेवायला फारसा जोर लागत नाही, पुन्हा वर ढकलायला मात्र सगळ्यांची ताकद लागते. थांबताना घर्षण तुमच्या बाजूनं असतं, ढकलताना विरुद्ध.

तेव्हा बाण काढण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या क्षणी घर्षण नाहीसं झालं तर वस्तू कुठे जाईल? बाण त्याच्या उलट. शांत वस्तूच्या बाबतीत अंदाज चुकला तरी बिघडत नाही, एफ उणा येतो आणि दिशा उलटी आहे हे कळतं. पण तुम्ही सुरुवातीलाच म्यू गुणिले नॉर्मल लिहून बसला असाल तर चुकीची दिशा स्वतःहून सापडत नाही, उत्तरच चुकतं. चिन्ह उलटं केल्यावर जुळणाऱ्या उत्तरांचं मूळ हे.

हा धडा हाताखालून एकदा गेलेला बरा. लाकडी फळीवर एखादी छोटी वस्तू ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला. वस्तू घसरायला लागेल त्या क्षणी थांबा. टोकाची उंची भागिले पायाचं आडवं अंतर म्हणजे स्थिर म्यू. पाया ५० सेंटीमीटर आणि उंची १५ असेल तर म्यू ०.३. मग त्यावर दुसरी वस्तू ठेवून वजन वाढवा आणि पुन्हा उचला, कोन जवळजवळ तोच येईल. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या शहरात कलाभवन उघडून हातानं काम करत शिकण्याची सोय केली, त्या शहरातल्या मुलानं म्यू फक्त छापील तक्त्यातून ओळखावा याचं मला वाईट वाटतं.

सरकेल की आधी कलंडेल?

उंच वस्तू असेल तर आणखी एक तपासणी लागते आणि ती हमखास राहून जाते. लोखंडी कपाट, वजन ९०० न्यूटन, पुढून मागे खोली ०.६ मीटर, म्यू ०.३. जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आडवं ढकललं. सरकायला २७० न्यूटन लागतात. कलंडायला लागणारा जोर पुढच्या कडेभोवती मोमेंट (बल गुणिले त्याचं लंब अंतर) घेऊन काढा: जोर गुणिले १.५ = ९०० गुणिले ०.३, म्हणजे १८० न्यूटन. कपाट सरकायच्या आधीच कलंडतं. १ मीटरवर दोन्ही आकडे सारखे होतात, त्याच्या खाली ढकललं तर ते सरकतं.

कारण असं की नॉर्मल नेहमी वस्तूच्या मध्यातून जात नाही. वर ढकललं की ती पुढच्या कडेकडे सरकते, आणि कडेला पोचली की कलंडणं सुरू. आकृतीत नॉर्मल मुकाट्यानं मध्यभागी काढली असेल तर मोमेंटचं समीकरण कधीच बसणार नाही.

शिडी

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, बडोद्यात घरोघरी गच्चीवर जायला शिडी लागते, त्यामुळे हे गणित मुलांना डोळ्यांसमोर दिसतं. ५ मीटरची शिडी, पाया भिंतीपासून ३ मीटर, वरचं टोक ४ मीटर उंचीवर. वजन २०० न्यूटन, भिंत गुळगुळीत. पायाभोवती मोमेंट: भिंतीची रिअ‍ॅक्शन गुणिले ४ = २०० गुणिले १.५, म्हणजे ७५ न्यूटन. जमिनीचं घर्षणही ७५, नॉर्मल २००. टिकायला म्यू निदान ०.३७५ हवा.

आता ६०० न्यूटन वजनाचा माणूस टोकापर्यंत चढला. भिंतीची रिअ‍ॅक्शन ५२५ होते, नॉर्मल ८००, आणि हवा असलेला म्यू ०.६५६. जमिनीचा म्यू ०.४ असेल तर घर्षण ३२० च्या पुढे जात नाही, आणि माणूस शिडीवरून सुमारे २.७ मीटर चढला की पाया निसटायच्या बेतात येतो. शिडी रिकामी असताना पक्की वाटते, म्हणून ती चढेपर्यंत पक्की राहील असं नाही.

मुलांचं गाडं अडतं ते मोमेंट कुठे घ्यायची यावर. जिथे सर्वांत जास्त अज्ञात बलं एकत्र येतात तिथे घ्या, म्हणजे ती समीकरणातून गळतात. शिडीत ती जागा बहुधा पाया असते.

आणि समीकरणं लिहिण्याआधी अज्ञात मोजा. भिंत आणि जमीन दोन्ही खडबडीत असतील तर दोन नॉर्मल आणि दोन घर्षणं, एकूण चार अज्ञात. तोलाची समीकरणं तीनच. शिडी घसरायच्या बेतात असेल तर दोन्ही टोकांना म्यूचं नातं मिळतं आणि गणित सुटतं. पण ती नुसती शांत उभी असेल तर घर्षणाची वाटणी या समीकरणांनी ठरतच नाही. अशा प्रश्नावर तासभर झगडून स्वतःला बोल लावणारी हुशार मुलं मला भेटतात. त्यांची काही चूक नसते, दिलेली माहितीच अपुरी असते.

पट्टा आणि दोर

इथे थोडक्यात. घट्ट बाजूचं टेन्शन भागिले सैल बाजूचं = ई (सुमारे २.७१८) या संख्येचा घात, आणि घातांक म्यू गुणिले गुंडाळीचा कोन. कोन रेडियनमध्येच हवा. पिठाच्या गिरणीतला सपाट पट्टा अर्धा वेढा घेत असेल आणि म्यू ०.३ असेल तर गुणोत्तर २.५७. १८० अंश तसेच घातले तर चोवीस आकडी संख्या येते. आणखी एक, हे सूत्रसुद्धा सरकण्याच्या बेतात असलेल्या पट्ट्याचं आहे. वरचा नियम इथेही लागू.

कधी थांबायचं

एकाच गणितावर अर्धा तास गेला, फ्री बॉडी डायग्राम दोनदा नव्यानं काढली, तरी सुटत नसेल तर वही मिटा. त्यानंतर हात फक्त आकडे जुळवत बसतो, शिकणं होत नाही.

बलाचे भाग पाडताना साइन की कॉस हेच दर वेळी अडत असेल तर घर्षणाची गणितं करणं बंद करा. दुखणं शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे. कोणा जाणत्यासमोर बसून ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर इथली मेहनत वाया जाते. मोमेंटचं चिन्ह दर वेळी उलटं येत असेल तरी तेच.

तिघांनी वेगवेगळं सोडवून एकच उत्तर आलं आणि पुस्तकातलं वेगळं असेल, तर पुस्तकाशी जुळवायला स्वतःचं समीकरण वाकवू नका. ते घेऊन सरांकडे जा, छापील उत्तरंही चुकतात.

आणि प्रश्न कागदावरचा नसून खरा असेल, म्हणजे परांची बांधायची आहे, जड मशीन उतारावरून उतरवायचं आहे, मातीची भिंत टेकू देऊन धरायची आहे, तर वहीतल्या म्यूवर एक दिवसही विसंबू नका. धूळ, तेल, ओल आणि हादरे यांनी तो आकडा पार बदलतो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा अशा कामाचा परवानाधारक ठेकेदारच बोलवायचा, आणि तो येईपर्यंत भाराखाली कोणाला उभं राहू द्यायचं नाही.

सरांकडे जाताना 'येत नाही' एवढंच घेऊन जाऊ नका. एका पानावर फ्री बॉडी डायग्राम, अज्ञात बलांची यादी, वस्तू कुठल्या अवस्थेत धरली ते, आणि कुठल्या ओळीनंतर अडलं तिथे खूण, एवढं आणा. ते पान समोर असलं की चूक बहुतेक वेळा दहा मिनिटांत सापडते.